भेंडीचं शेवटचं पीक आणि नागपूरची चेरी

घरी बसून पाहण्यासारख्या ऐतिहासिक आणि विज्ञानकथांच्या सिनेमा-मालिकांबद्दल काय विचारायचं ते लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रांपेक्षा व्हॉट्सॲपच जास्त आले. दोघा-तिघांनी तर लग्नाच्या व्हिडिओचा भाव विचारला, त्यांना वेगळं कळवतो.

माझी खोड आधीच सांगून ठेवतो, मागून तक्रार नको. तालुक्याच्या टॉकीजमध्ये मी मशीन चालवायचो. ती टॉकीज आता मंगल कार्यालय झाली आहे. ऑपरेटरच्या झरोक्यातून एकच सिनेमा आठवडाभर पाहावा लागला की हिरोकडं लक्षच जात नाही. त्याच्या मागं उभा असलेला माणूस काय करून राहिला, ते दिसायला लागतं. त्यातून माझी एक परीक्षा तयार झाली : पडद्यावर कोणी हातानं काम करताना दिसतं का? राजा आरोळी ठोकतो, पण त्याच्या घोड्याला खरारा कोण करतो? यान चंद्राच्या पलीकडं जातं, पण तिथं काही गळायला लागलं तर पाना कोण धरतो? हे ज्यानं दाखवलं, त्यानं अभ्यास केला असं मी धरून चालतो. खाली नावं सुचवली आहेत ती याच चाळणीतून. तुमची चाळणी वेगळी असू शकते.

*भाऊ, घरात टीव्ही एक आणि माणसं सात. बाबांना जुन्या काळचं पाहिजे, पोट्ट्याला रॉकेटचं. रोज रिमोटवरून भांडण. दोघांचंही जमेल असं काही आहे का?*
*– एक कापूस उत्पादक, ता. घाटंजी*

आहे. पहिल्या दिवशी 'संत तुकाराम' लावा. प्रभातचा, १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा. बाबांनी पाहिला असेलच, पण यावेळी पोट्ट्याला शेजारी बसवा. तुकोबा वैकुंठाला जातात तेव्हा गरुडाच्या आकाराचं विमान आकाशातून जातं. तेव्हा कॉम्प्युटर हा शब्दसुद्धा आपल्याकडं कोणाला ठाऊक नव्हता. हे कसं केलं असेल, असं पोराला विचारा आणि गप्प बसा. अर्धा तास तोच बोलत राहील. बाबांना आवलीच पाहू द्या. विठ्ठलाला चप्पल दाखवायला निघालेली, नवऱ्याच्या नावानं बोटं मोडत म्हशीचं सगळं करणारी ती बाई. अख्ख्या सिनेमात घर चालवते ती तीच. व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाचा गौरव झाला होता, पण ते नंतर सांगितलं तरी चालते.

दुसऱ्या दिवशी 'इंटरस्टेलर'. क्रिस्टोफर नोलनचा, २०१४ चा. पावणेतीन तासांचा आहे, तेव्हा जेवणं आधी उरकून घ्या. नाव ऐकून बाबा उठून जातील. जाऊ देऊ नका, कारण सुरुवातीचा पाऊण तास हा आपला सिनेमा आहे. हिरो आधी पायलट होता, आता मका पेरतो. पृथ्वीवर असा रोग आलेला आहे, की एकेक पीक कायमचं संपत चाललं आहे. गहू काही वर्षांपूर्वीच गेला. शेजारी भेंडीचं पीक पेटवून देतो आणि कळतं, की जगातलं भेंडीचं हे शेवटचं पीक. याच्यापुढं भेंडी नाही. आता नुसता मका उरला. यवतमाळात २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कापूस कसा पोखरला, हे ज्यानं बोंड फोडून पाहिलं, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

त्यातच दारातून धूळ येत राहते. ताटं पालथी ठेवतात आणि जेवायला बसताना सरळ करतात. हे नोलनच्या डोक्यातून आलेलं नाही. सुरुवातीला काही म्हातारे-म्हाताऱ्या धुळीच्या आठवणी सांगतात. त्यात एक नटी आहे, बाकीची खरी माणसं. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी भागात नांगरून मोकळी झालेली जमीन दुष्काळात वाऱ्यावर उडाली होती, त्या काळातून निभावलेली ही माणसं. केन बर्न्स यांच्या माहितीपटातल्या त्यांच्या मुलाखती नोलननं थेट उचलल्या. म्हणजे पोट्टं ज्याला पुढच्या काळाचा सिनेमा समजून पाहून राहिलं, त्याचा पाया बाबांच्या पसंतीचाच निघाला : जुन्या काळचा, घडून गेलेला.

आणखी एक गंमत. शूटिंगसाठी कॅनडात पाचशे एकर मका खरोखर पेरला, त्यातून गाडी चालवली, आणि उरलेला विकला तर फायदा झाला. सिनेमात त्याच मक्यातून बापलेक एका उडत्या ड्रोनचा पाठलाग करतात. ते ड्रोन भारतीय हवाई दलाचं असतं. दिल्लीचं केंद्र दहा वर्षांपूर्वीच बंद पडलेलं, तरी सौरऊर्जेवर बिचारं फिरतच आहे. टॉकीजमध्ये असतो तर या जागी शिट्ट्या ऐकल्या असत्या.

पुढं कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, असा हिशेब येतो. तो मुलाकडून समजून घ्या. प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ काळ हळू चालतो, हे आइन्स्टाइनचं खरं विज्ञान आहे, आणि सिनेमाचा सल्लागार किप थॉर्न हा त्याच विषयातला मोठा शास्त्रज्ञ. शेवटची वीस मिनिटं मात्र विज्ञान कमी आणि भावना जास्त. मला ती जरा ताणलेली वाटतात. हिंदी आवाज मिळतो का, हे लावण्याआधी पाहून ठेवा, नाहीतर बाबा खरोखर उठून जातील.

*सर, मी अकरावी सायन्सला आहे. 'ज्युरासिक पार्क' खरंच विज्ञान आहे का? आमच्या वर्गातली मुलं म्हणतात सगळं खोटं आहे.*
*– एक विद्यार्थिनी, वरोरा*

बेटा, प्रश्न वरोऱ्यातून आला याची मला जास्त मजा वाटली. का ते सांगतो.

आधी वर्गातल्या मुलांचं. १९९३ चा हा सिनेमा डासाच्या पोटातल्या रक्तावरून डायनोसॉर तयार करतो. तसं होत नाही. डीएनए इतकी वर्षं टिकतच नाही, आणि डायनोसॉर संपून सहा कोटी साठ लाख वर्षं झाली. टी-रेक्स आणि ट्रायसेराटॉप्स तर ज्युरासिक काळातले नव्हतेच, ते नंतरच्या क्रिटेशस काळातले. स्वयंपाकघरात मुलांमागं लागणारे ते व्हेलोसिरॅप्टर प्रत्यक्षात टर्की कोंबड्याएवढे होते आणि त्यांना पिसं होती. तरी सिनेमा टाकाऊ होत नाही. दोन तासांच्या वरच्या या सिनेमात डायनोसॉर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटं. बाकीचा वेळ स्पीलबर्ग नुसतं पाण्याच्या पेल्यातली थरथर दाखवून तुम्हाला खुर्चीला धरून ठेवतो.

पण माझ्या चाळणीत तो पास होतो तो वेगळ्या जागी. एक ट्रायसेराटॉप्स आजारी पडलेला असतो. बाकीचे आ वासून पाहतात. वनस्पतींची अभ्यासक असलेली एली सॅटलर मात्र लांब हातमोजे घालते आणि माणसाच्या उंचीच्या शेणाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालते. जनावरानं काय खाल्लं, हे तिला पाहायचं असतं. थेटरात लोक नाक मुरडून हसतात. पण खरं विज्ञान तिथं आहे, आणि ते तुझ्या तालुक्यात घडलेलं आहे.

वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या मातीत डायनोसॉरच्या हाडांबरोबर त्यांच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. ते गोळे घेऊन शास्त्रज्ञांनी एलीनं केलं असतं तेच केलं : आत काय आहे ते पाहिलं. गवताच्या पेशींमध्ये वाळूसारख्या सिलिकाचे बारीक कण असतात, गवत कुजलं तरी ते उरतात. तसे कण त्या शेणात निघाले. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झालं. तोपर्यंत समज असा होता, की गवत डायनोसॉर संपल्यानंतर माजलं. पिसदुऱ्याच्या शेणानं दाखवलं, की हे प्राणी गवत खात होते, आणि तेही एका जातीचं नाही. डायनोसॉरच्या चित्रात पायाखाली गवत काढलं तर चूक समजायचे, आता समजत नाहीत. वर्गातल्या मुलांना हे सांग. आणि ज्या लाव्ह्याची आपली काळी माती झाली, तो लाव्हा त्यांच्याच शेवटच्या दिवसांत इथं पसरत होता, हेही सांग.

*वाडे, तलवारी, स्लो मोशनमधल्या आरोळ्या यांचा वीट आला आहे. शांतपणे इतिहास सांगणारं काही सुचवा. नातू सुट्टीत येणार आहे, त्यालाही दाखवता आलं तर बरं.*
*– निवृत्त शिक्षक, देवळी, जि. वर्धा*

गुरुजी, तुमच्यासाठी 'शतरंज के खिलाडी'. सत्यजित राय, १९७७. प्रेमचंदांची गोष्ट, १८५६ चं लखनौ. दोन सरदार दिवसभर बुद्धिबळ खेळत बसतात आणि तिकडं कंपनी सरकार अख्खं अवध गिळतं. माझ्या चाळणीत हा सिनेमा सरळ नापास व्हायला हवा, कारण त्यात मोठी माणसं कोणीच काही काम करत नाहीत. पण गोष्टच ती आहे. काम करतं ते शेवटी ओसाड गावात त्या दोघांची सरबराई करणारं कल्लू नावाचं पोरगं. गोरी फौज आली, आपल्या बाजूनं कोणी लढत कसं नाही, हा प्रश्नही त्यालाच पडतो.

तुम्ही मात्र सुरुवातीचा कार्टूनचा तुकडा नीट पाहा. गव्हर्नर जनरल डलहौसीनं अवधला चेरी म्हटलं होतं, एक दिवस आपल्या तोंडात पडेल अशी. राय तो शब्द पकडतात आणि चेरीच्या चेरी गट्टम करून दाखवतात. पंजाब, ब्रह्मदेश, सातारा, झाशी, आणि त्यांच्यातच एक नागपूर. पडद्यावर ते सेकंदभराचं काम आहे, पण वर्धा तेव्हा नागपूरच्याच राज्यात होतं, म्हणजे तुम्ही त्या चेरीत बसून सिनेमा पाहणार. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, पोटचा वारस नव्हता, दत्तक मानला नाही, आणि १८५४ मध्ये राज्य खालसा. वाड्यातले हत्ती-घोडे, जवाहीर लिलावात निघाले. वऱ्हाड त्याच्या आदल्याच वर्षी निजामाकडून फौजेच्या खर्चापोटी लिहून घेतलं होतं. हे सगळं तुम्ही वर्गात शिकवलं असेल. नातवाला चेरीवरून सांगा, विसरणार नाही. अवधचा नवाब वाजिद अली शाह झाला आहे अमजद खान. 'शोले'च्या दोनच वर्षांनंतरचा. गब्बरला ठुमरीवर डोलताना पाहून नातू आधी हसेल, मग हसायचं थांबेल.

त्यानंतर 'भारत एक खोज'. श्याम बेनेगलांची मालिका, १९८८ ची, ५३ भाग. रांगेनं पाहायची गरज नाही. शिवाजी महाराजांचे भाग आधी पाहा : नसीरुद्दीन शाह महाराज, ओम पुरी औरंगजेब. दोघंही आवाज न चढवता बोलतात आणि तरी दबदबा वाटतो. मालिका सुरू होते ती ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तानं, सृष्टीच्या आधी काय होतं या प्रश्नानं. म्हणजे पाहायला बसतो इतिहास आणि पहिला प्रश्न निघतो विज्ञानाचा. यूट्यूबवर फुकट सापडते. बेनेगलांचीच 'संविधान' ही दहा भागांची मालिका आहे, त्यात सचिन खेडेकर बाबासाहेब झाले आहेत. एकेका कलमावर किती डोकी भांडली, ते त्यात दिसतं. जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'मध्ये तेच काम मामुट्टीनं केलं आहे, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्ही पाहा, एकाची दुसऱ्याशी तुलना करत बसू नका.

नातवाचं म्हणाल तर 'रॉकेट बॉईज', सोनी लिव्हवर. होमी भाभा आणि विक्रम साराभाई. थुंबा या कोळ्यांच्या गावातलं चर्च रिकामं करून त्यात कचेरी थाटली आणि रॉकेटचे भाग सायकलवरून नेले, त्या काळाची गोष्ट. तिथून पहिलं रॉकेट उडालं ते २१ नोव्हेंबर १९६३ ला. एक सावधगिरी ठेवा : भाभांचा विरोधक म्हणून दाखवलेला रझा मेहदी हा शास्त्रज्ञ काल्पनिक आहे. नातू परीक्षेत लिहून येईल.

*'तान्हाजी' झाला, 'छावा' झाला. आता काय पाहू?*
*– मोर्शीहून, नाव नको*

'शोगुन', २०२४ ची. सन १६०० चं जपान, दहा भाग. तोरानागा हा सरदार खऱ्या तोकुगावा इएयासूवर बेतलेला, इंग्रज खलाशी विल्यम ॲडम्सवर. संवाद बहुतेक जपानी, तेव्हा खालच्या ओळी वाचायची तयारी ठेवा. त्या वर्षी एका फटक्यात अठरा एमी, म्हणजे अमेरिकेतले टीव्हीचे पुरस्कार, घेऊन गेली. ज्या लढाईकडं सगळी गोष्ट सरकत जाते, ती लढाई जवळजवळ दाखवलेलीच नाही, आणि तुम्हाला तिची उणीव भासत नाही. चहा कसा ओततात, दार कसं सरकवतात, यावरून कोण कोणाला मारणार ते कळतं. आईबाबांसोबत लावू नका.

*आमचे हे खाणीत आहेत. 'चेर्नोबिल'मध्ये खाणकामगार दाखवले आहेत म्हणून पाहायला घेतली, पण दुसऱ्या भागानंतर झोप लागली नाही. ते खरं किती? पुढचं पाहू का?*
*– एक गृहिणी, वणी परिसर*

ताई, पाहा, पण दिवसा पाहा आणि लेकरं शाळेत असताना. भाग पाचच आहेत.

बराचसा भाग खरा आहे. तेव्हाच्या सोव्हिएत संघात चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली ती २६ एप्रिल १९८६ ला, रात्री एक वाजून तेवीस मिनिटांनी, ही वेळ खरी. लेगासोव हा शास्त्रज्ञ खरा. खोम्युक ही बाई मात्र खरी नाही, अनेक शास्त्रज्ञांचं काम तिच्या एकटीच्या नावावर केलं आहे, आणि शेवटी तसं स्पष्ट सांगितलंही आहे. तुम्ही ज्यांच्यासाठी पाहायला घेतली ते खाणकामगार तिसऱ्या भागात येतात. रशियातल्या 'तुला' नावाच्या भागातले, कोळशाच्या खाणीतले. अणुभट्टीच्या खाली बोगदा खणायला त्यांना नेलं, तिथं थंडाव्याची यंत्रणा बसवायची होती. त्यांनी उकाड्यात, हातानं, ठरल्या वेळेत बोगदा खणला. आणि त्या यंत्रणेची गरज पडलीच नाही. साहेबासमोर त्यांचा मुकादम ज्या थंडपणे बोलतो, ते तुमच्या ह्यांना दाखवा, त्यांना ओळखीचं वाटेल.

चौथ्या भागात छताचं दृश्य आहे. भट्टीतून उडालेले ग्रॅफाइटचे तुकडे छतावर पडलेले. यंत्रमानव पाठवले तर किरणोत्सारानं बंद पडले. मग माणसं पाठवली, फावडं देऊन. प्रत्येकाला नव्वद सेकंद. कॅमेरा एका शिपायाच्या मागं जातो आणि तुकडा न तोडता नव्वद सेकंद त्याच्याच मागं राहतो. पाय अडकतो, फावडं घसरतं, तुकडा कठड्यावरून खाली जातो, घंटा वाजते. माझ्या परीक्षेत याला पैकीच्या पैकी मार्क. ॲटमच्या जमान्यात शेवटी हत्यार कोणतं, तर आपल्या घरामागं टेकवलेलं असतं तेच.

तुम्ही खाणीजवळ राहता म्हणून एक नाव आणखी. 'द क्राऊन' ही इंग्लंडच्या राणीवरची मालिका सगळी पाहिली नाही तरी चालते, पण तिसऱ्या सीझनचा तिसरा भाग पाहा, 'ॲबरफॅन'. वेल्समधलं कोळशाचं गाव. खाणीतून निघालेला दगड-माती वर्षानुवर्षं गावाच्या डोक्यावर डोंगरात टाकत गेले, तेही पाण्याच्या झऱ्यावर. २१ ऑक्टोबर १९६६ ला सकाळी शाळा नुकती भरली होती, पावसानं फुगलेला ढिगारा सुटला आणि शाळेवर आला. १४४ जणं गेली, त्यातली ११६ लेकरं होती. राणी तिथं पोचली आठ दिवसांनी, आणि भाग त्या उशिरावर आहे. आपल्याकडं ओबीचे, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या दगड-मातीचे ढिगारे पावसाळ्यात पाहिले की मला तो भाग आठवतो. घाबरवायला सांगत नाही. ढिगाऱ्याखालून पाणी कुठं जातं, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला तो भाग पुरेसा आहे, म्हणून सांगतो.

जरा हलकं पाहिजे असेल तर 'मिशन रानीगंज'. १९८९ साली बंगालच्या खाणीत पाणी शिरलं, जसवंतसिंग गिल या अभियंत्यानं लोखंडी कॅप्सूल करवून घेतली, स्वतः तिच्यात बसून खाली उतरला आणि ६५ जणांना एकेक करून वर काढलं. सिनेमात मसाला आहे, पण कॅप्सूल खरी. 'काला पत्थर' तर तुमच्या ह्यांना तोंडपाठ असेल. त्याच्यामागं १९७५ ची चासनाळ्याची दुर्घटना आहे, हे त्यांना विचारून पाहा.

*टाइम मशीनवर आपल्याकडं काही आहे की सगळं अमेरिकेचंच?*
*– आयटीआयचे विद्यार्थी, दर्यापूर*

'आदित्य ३६९', तेलुगू, १९९१. बाळकृष्ण यंत्रात बसून कृष्णदेवरायाच्या विजयनगरला जातो आणि मग पुढच्या काळात. इतिहास आणि विज्ञान एकाच तिकिटात. ट्रिक आज लुटुपुटूच्या वाटतील, हसा आणि पाहा. 'इंद्रू नेत्रू नालै' हा २०१५ चा तमिळ सिनेमा डोकेबाज आहे, त्यात हातात टाइम मशीन आलेली पोरं आधी काय करतात, तर लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून द्यायचा धंदा काढतात. हेच खरं वाटतं. डोक्याला ताण हवा असेल तर जर्मन 'डार्क', तीन सीझन. कोण कोणाचा बाप, हे वहीत लिहून ठेवावं लागतं.

आणि पडद्यावर नाही, पण डॉ. जयंत नारळीकरांची गंगाधरपंतांच्या पानिपताची कथा वाचा. विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि १७६१ चं पानिपत मराठ्यांनी जिंकलं, अशा दुसऱ्याच इतिहासात एक प्राध्यापक जाऊन पडतो. तिची इंग्रजी आवृत्ती केंद्रीय बोर्डाच्या अकरावीच्या पुस्तकात आहे. यावर आजवर कोणी मालिका केली नाही, याचं मला नवल वाटतं.

*विदर्भातल्या कोणी विज्ञानपट केला आहे का? की आपल्या नशिबी नुसते दुष्काळाचेच सिनेमे?*
*– दिग्रस*

केला आहे, आणि बाईनं केला आहे. आरती कडव, नागपुरात वाढलेली. तिचा 'कार्गो' नेटफ्लिक्सवर २०२० साली आला. विक्रांत मॅसी हा प्रहस्त नावाचा राक्षस, पुष्पक ६३४-ए या यानावर वर्षानुवर्षं एकटा ड्युटी करतो. पृथ्वीवर माणूस मेला की तो या यानात येतो. त्याच्याजवळच्या वस्तू काढून घ्यायच्या, दुखलं-खुपलं दुरुस्त करायचं, आठवणी पुसायच्या आणि पुढच्या जन्माला पाठवायचं. हे सगळं तहसील कचेरीत सातबारा काढावा तसं चालतं. मेलेला माणूस रडतो, भांडतो, घरी फोन लावून मागतो, आणि प्रहस्त न चिडता पुढचा कागद काढतो. मग हाताखाली एक नवी पोरगी रुजू होते आणि त्याची लय बिघडते. पैसा बेताचा होता हे दिसतं, पण तिनं ते लपवलं नाही, त्याचाच उपयोग केला. यान चकचकीत नाही, जुन्या बटणांचं आहे. पहिली वीस मिनिटं धीर धरा.

मराठीत विचाराल तर सुजय डहाकेंचा 'फुंतरू', २०१६ चा. इंजिनिअरिंग कॉलेज, होलोग्राम आणि प्रेमप्रकरण. फसला असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला मात्र कोणीतरी उडी मारली याचंच कौतुक वाटलं.

*रब्बीत लाईन रात्रीची असते. मोटार चालू करून वावरात जागलीला बसतो. रोही, रानडुकरं आहेतच. मोबाइलवर रोज दीड जीबी मिळते. काय पाहावं?*
*– चणा-गहूवाला, ता. मंगरूळपीर*

राजेहो, पहिली गोष्ट, 'इंटरस्टेलर' आणि 'ड्यून' मोबाइलवर पाहू नका. त्या मोठ्या पडद्याच्या गोष्टी आहेत. वीतभर चौकटीत वाळवंट म्हणजे नुसती पिवळी पट्टी दिसते. जागलीवर ऐकून कळेल असं पाहिजे, म्हणजे डोळे वावरावर राहतील. 'भारत एक खोज' त्यासाठी चांगली. 'संविधान'ही चालेल.

पाहायचंच असेल तर 'द मार्शियन', रिडली स्कॉट, २०१५. मंगळावर एकटा राहिलेला माणूस बटाटे लावतो. माती मंगळाची, खत स्वतःचं आणि साथीदारांचं, पाणी रॉकेटच्या इंधनातून तयार केलेलं. सऱ्या पाडण्यापासून बटाटे मोजून राशन ठरवण्यापर्यंत सगळं दाखवलं आहे. दोन गोष्टी मात्र मानू नका. मंगळाची हवा आपल्या शंभराव्या हिश्श्याएवढी विरळ आहे, तिथल्या वादळात रॉकेट कलंडायचं नाही. आणि तिथल्या मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार आहेत, ते धुतल्याशिवाय बटाटा खाण्यासारखा होणार नाही. तुमच्याकडं खारपाणपट्ट्यातले पाहुणे असतील तर त्यांना क्षारांचं वेगळं सांगायला नको.

डेटाचं म्हणाल तर चित्राचा दर्जा ४८० वर ठेवा, दीड जीबीत पिक्चर बसतो. संध्याकाळी गावात असतानाच डाउनलोड करून न्या, वावरात रेंजच्या मागं फिरत बसू नका. आणि दोन्ही कानांत इअरफोनची बोंडं घालू नका, एक कान मोटारीकडं राहू द्या. लाईन गेली तर कळलं पाहिजे.